भुशाच्या बॉयलरचा धूर: लॅब खरी की मशीन खरं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. गोंदिया जिल्ह्यात आमगावच्या बाजूला उसना (धान वाफवून काढलेल्या) तांदळाची मिल आहे. ताशी ४ टन वाफेचा, धानाच्या भुशावर चालणारा बॉयलर, त्यामागे मल्टी-सायक्लोन (धूर गरगर फिरवून धूळ खाली पाडणारं यंत्र), आयडी फॅन (धूर ओढून घेणारा पंखा) आणि चिमणी. सकाळी काळा धूर निघतो म्हणून गावातून तक्रार गेली आणि प्रदूषण नियंत्रण बोर्डाचे अधिकारी पाहून गेले. लॅबच्या रिपोर्टमध्ये धूलिकण दर घनमीटरला १२८ मिलिग्रॅम, म्हणजे कन्सेंटमधल्या (बोर्डाच्या परवानगीपत्रातल्या) १५० च्या आत. मग तुम्ही ओळखीच्या माणसाकडून हातात धरायचा, वायू मोजणारा ॲनालायझर आणून चिमणीवर लावला, तर त्यात ऑक्सिजन १३ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे सीओ, २८०० पीपीएम (दहा लाख भागांत २८०० भाग). मालक म्हणतात, एकदाचं ऑनलाइन, म्हणजे चोवीस तास मोजणारं, मशीन बसवून मोकळं होऊ. तुम्हाला कळेना की लॅबवर विश्वास ठेवायचा की मशीनवर, आणि घ्यायचं तर काय घ्यायचं.

भाऊ, दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते एकाच गोष्टीचे नाहीत. लॅबने धूळ मोजली, तुम्ही वायू मोजला. लॅबचा माणूस बहुधा अकरा-बाराला आला असेल, तेव्हा बॉयलर लाईनवर आला होता. गावाने जे पाहिलं ते सकाळी सहाचं. त्यामुळे कोण खरं हा वाद सोडा. तुम्हाला तीन वेगळ्या गोष्टी हव्या आहेत: भट्टीत जळण नीट होतंय का हे रोज कळायला हवं, बोर्डापुढे टिकेल असा आकडा अधूनमधून हवा, आणि सकाळचा धूर बंद व्हायला हवा. या तिन्हींना मिळून एक मशीन येत नाही. मालकांना हे आधी समजावा, नाहीतर लाखो रुपये जातील आणि धूर तसाच राहील.

काही गोष्टी इथे बसून सांगता येणार नाहीत. भट्टी पायरीच्या जाळीची आहे की फ्लुइडाइज्ड बेडची (हवेने उसळत्या वाळूच्या थराची), भुसा कोरडा आहे की पावसात भिजलेला, पोर्ट (नमुना घ्यायचं भोक) चिमणीवर कुठे काढलंय, कन्सेंटची नेमकी भाषा काय, यावर बरंच अवलंबून आहे. पण तुम्ही दिलेल्या दोन आकड्यांतूनच पुष्कळ कळतं, तिथूनच सुरुवात करू.

ऑक्सिजन आणि सीओ हे दोन आकडे कायम जोडीने वाचायचे. सीओ जास्त आणि ऑक्सिजन २-३ टक्के असेल तर हवा कमी पडतेय, हे सरळ आहे. तुमच्याकडे मात्र ऑक्सिजन १३ असूनही सीओ २८०० आहे. हवा भरपूर आहे आणि तरी भुसा अर्धवट जळतोय. याचे मुख्य अर्थ दोन. एकतर ती जादा हवा भट्टीतून आलेलीच नाही, मागे कुठल्यातरी फटीतून शिरली. नाहीतर हवा भट्टीतच जातेय, पण चुकीच्या जागी. ती जळणाला मिळण्याऐवजी भट्टी गार करतेय. पहिल्यात वेल्डर बोलवायचा, दुसऱ्यात डॅम्पर (ओढ कमी-जास्त करणारी झडप) आणि फीडर (भुसा टाकणारं यंत्र) हातात घ्यायचा. चिमणीवरच्या एका रीडिंगवरून दोन्हींतलं कुठलं ते सांगता येत नाही. म्हणून कोणतंही मशीन घेण्याआधी दुसऱ्या जागी मोजा.

ती दुसरी जागा म्हणजे बॉयलरमधून धूर बाहेर पडतो तो डक्ट, सायक्लोनच्या आधी. इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणारा) असेल तर त्याच्याही आधी. तिथे पाऊण इंची सॉकेट वेल्ड करून घ्या आणि एरवी टोपी घट्ट लावून ठेवा. आयडी फॅनच्या आधीचा सगळा मार्ग ओढीखाली असतो, त्यामुळे टोपी उघडली की बाहेरची हवा आत जाते. प्रोब, म्हणजे मशीनची धुरात घालायची नळी, घातल्यावर त्याभोवती ग्लास रोप किंवा प्रोबसोबत येणारा कोन नीट दाबून बसवा. नाहीतर तुम्ही धूर मोजायला जाल आणि मोजाल ती बॉयलर हाऊसची हवा. प्रोब डक्टच्या मध्यापर्यंत घाला, मग थोडं मागे-पुढे करून बघा. आकडे फार बदलत असतील तर तिथे वायू नीट मिसळलेला नाही, थोडी पुढची जागा शोधा.

समजा इथे ऑक्सिजन ७ आला आणि चिमणीवर १३. तर हिशेब असा: बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ धरला, तर ७ चा १३ व्हायला धुराच्या प्रत्येक ४ भागांमागे ३ भाग हवा बाहेरून शिरलेली असते. म्हणजे आयडी फॅन जवळपास पावणेदोन पट माल ओढतोय आणि विजेचं बिल त्याचं भरताय. असं निघालं तर आयडी फॅन चालू ठेवून रात्रीच्या शिफ्टला अगरबत्ती घेऊन डक्टवर फिरा. फ्लँज, राखेची दारं, एक्स्पान्शन जॉइंट, साफसफाईची झाकणं, सगळीकडे. धूर आत ओढला गेला की तिथे खडूने खूण करा.

आणि सायक्लोनच्या खालचा हॉपर, म्हणजे राख साठणारं नरसाळं, सगळ्यात आधी बघा. भंडारा-गोंदियाकडच्या मिलांमध्ये गळती हमखास सापडते ती इथेच. रोटरी एअरलॉकच्या (हवा आत न घेता राख बाहेर काढणाऱ्या फिरत्या झडपेच्या) पाती भुशाच्या राखेने झिजतात, कारण या राखेत बहुतांश सिलिका असते. कुठे एअरलॉक काढून नुसती सरकती पत्री लावलेली असते, तर कुठे गोणपाट बांधून काम चालवलेलं असतं. खालून हवा शिरली की सायक्लोनमध्ये खाली बसलेली धूळ पुन्हा वर उचलली जाते आणि चिमणीतून जाते. म्हणजे ही एकच फट तुमचा वायूचा आकडाही बिघडवते आणि धुळीचाही. एअरलॉक दुरुस्त करायला ऑनलाइन मशीनच्या किमतीचा किरकोळ भाग लागतो.

आता दुसरी शक्यता. समजा बॉयलरच्या तोंडाशीच, म्हणजे धूर बाहेर पडतो त्या दुसऱ्या जागी, ऑक्सिजन १२-१३ आहे. मग जादा हवा भट्टीतच जातेय. अशा ठिकाणी आयडीचा डॅम्पर हमखास पूर्ण उघडा सापडतो. फायरमनला, म्हणजे बॉयलर चालवणाऱ्याला, विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पंखा फुल ठेवला का धूर दिसतच नाही जी." तो खोटं बोलत नाही, धूर पातळ होतो तर दिसत नाही. पण भुसा हलका असतो. ओढ जास्त झाली की तो जाळीवर टिकत नाही, जळता जळताच उडून जातो. रात्री चिमणीतून ठिणग्या दिसतात का ते विचारा. आणि सायक्लोनखालची राख मुठीत घेऊन बघा. राखाडी-पांढरट असेल तर जळण बरं चाललंय. काळी, चकाकणारी आणि बोटांना काजळी लावणारी असेल तर तिच्यात कार्बन शिल्लक आहे, तो तुमच्या पैशाचा आहे. भुशात राख सुमारे २० टक्के असते, म्हणजे रोज राख भरपूर निघते आणि तिच्यातून किती जातंय हे डोळ्यांना दिसत नाही. महिन्यातून एकदा राखेचा नमुना लॅबला देऊन जाळल्यावर वजन किती घटतं ते बघून घ्यावं, स्वस्त चाचणी आहे.

भट्टीत साधारण उणे २ ते ५ मिलिमीटर पाण्याइतकी ओढ पुरते. राखेचं दार किंचित उघडल्यावर ज्वाळा बाहेर येऊ नये आणि हवा शिट्टी मारत आतही जाऊ नये, इतपत. आयडी हळूहळू कमी करा, प्रत्येक पायरीला दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि ऑक्सिजन-सीओची जोडी लिहून ठेवा. आयडी कमी होत जाईल तसा ऑक्सिजन उतरेल आणि भट्टी तापत गेल्यामुळे सीओसुद्धा आधी उतरेल. एका टप्प्यानंतर सीओ पुन्हा झपाट्याने चढायला लागेल. तो चढ सुरू होण्याच्या थोडं अलीकडे तुमची जागा. भुशाच्या बॉयलरला ती बहुधा ७ ते ९ टक्के ऑक्सिजनच्या आसपास सापडते, पण पुस्तकातला आकडा घेऊन डॅम्पर फिरवू नका, तुमच्या भट्टीचा शोधा. सापडल्यावर डॅम्परच्या दांडीवर रंगाने खूण करा. फायरमन पीपीएम वाचणार नाही, पण लाल खुणेच्या पुढे जाऊ नको हे त्याला लगेच कळतं.

यात पैसा किती आहे तेही सांगतो, कारण मालकांना पर्यावरणाआधी तेच विचारायचं असतं. जादा हवेचा ढोबळ हिशेब म्हणजे ऑक्सिजन भागिले (२१ वजा ऑक्सिजन). १३ टक्क्यांना १३ भागिले ८, म्हणजे सुमारे १६२ टक्के जादा हवा. ८ टक्क्यांना ८ भागिले १३, म्हणजे ६२ टक्के. किलोभर भुसा जळायला साधारण साडेचार किलो हवा लागते, उष्मांक ३२०० किलोकॅलरी आणि धूर २१० अंशांवर बाहेर पडतोय असं धरलं, तर कोरड्या धुरातून जाणारी उष्णता पहिल्या वेळी १६ टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्या वेळी १० टक्क्यांच्या आसपास निघते. वर २८०० पीपीएम सीओमधून दोन-अडीच टक्के वेगळेच जातात. ४ टनांचा बॉयलर पूर्ण लोडवर ताशी टनभर भुसा खातो. सहा टक्के कार्यक्षमता सुधारली तर ताशी ऐंशी किलोच्या आसपास भुसा वाचतो. पण हे सगळं ऑक्सिजन भट्टीतच १३ असेल तर. गळतीमुळे असेल तर बचत मुख्यतः पंख्याच्या विजेची, भुशाची नाही. म्हणूनच दोन ठिकाणी मोजा म्हणतोय.

आता लॅबचा रिपोर्ट. तो पुन्हा उघडा आणि १२८ च्या आकड्याकडे न बघता बाकीच्या ओळी वाचा. कार्बन डायऑक्साइड किती लिहिलाय? ऑक्सिजन १३ असताना भुशाच्या धुरात तो साडेसात-पावणेआठ टक्के यायला हवा. समजा ७.६ आहे. छोट्या बॉयलरच्या केंद्रीय मानकात धुळीचा आकडा १२ टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणून बघायचा असतो. म्हणजे १२८ गुणिले १२ भागिले ७.६, सुमारे २०२. झालं, १५० च्या आतला रिपोर्ट १५० च्या बाहेर गेला. हा नियम एवढ्यासाठीच आहे की पंखा फुल ठेवून कोणी धूर पातळ करू नये.

त्याच मानकात २ ते १० टनांच्या बॉयलरला मर्यादा ८०० आहे. ती वाचून खूश होऊ नका. कन्सेंटमध्ये १५० लिहिलं असेल तर तुम्हाला १५०च लागू. ते १५० बारा टक्क्यांची ही दुरुस्ती धरून की न धरता, हे कन्सेंटमध्ये स्पष्ट नसेल तर विभागीय कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर फाईलला लावा. तोंडी घेतलेलं उत्तर पुढचा अधिकारी मानेलच असं नाही. आणि दुरुस्ती धरूनही १५० कायम पाळायचे असतील तर नुसत्या मल्टी-सायक्लोनवर ते कठीण जातं, बॅग फिल्टरची (कापडी पिशव्यांतून धूर गाळणाऱ्या यंत्राची) तयारी ठेवा. तेव्हाही सायक्लोन काढू नका. भुशाच्या ठिणग्या थेट बॅगांवर गेल्या तर बॅगा जळतात.

रिपोर्टमध्ये आणखी तीन गोष्टी शोधा. नमुना घेताना बॉयलर किती लोडवर होता. धुराचा वेग आणि तापमान किती होतं. आणि नमुना आयसोकायनेटिक घेतला होता का, म्हणजे नळीच्या तोंडात धूर त्याच वेगाने ओढला का ज्या वेगाने तो चिमणीत वाहत होता. कमी वेगाने ओढला तर जाड कण जास्त येतात, जास्त वेगाने ओढला तर कमी. हे रकाने रिकामे असतील तर लॅब बदला. पोर्टची जागाही बघा. वाकण किंवा डक्ट जिथे चिमणीला मिळतो तिथून चिमणीच्या व्यासाच्या आठ पट वर आणि चिमणीच्या तोंडापासून दोन पट खाली, ही सर्वसाधारण अट. तुमच्या चिमणीचा व्यास ६०० मिलिमीटर असेल तर खालून ४.८ मीटर आणि वरून १.२ मीटर. एकमेकांना काटकोनात दोन पोर्ट, भक्कम शिडी, कठड्याचा प्लॅटफॉर्म. बऱ्याच मिलांत पोर्ट असतं, पण तिथे उभं राहायला फळीही नसते. मग लॅबचा माणूस एका हाताने शिडी धरून जे घेईल तो नमुना.

सकाळच्या धुराचं कारण मला वाटतं भट्टीच्या बाहेर आहे. उसना मिलमध्ये ड्रायर वाफ एकसारखी घेतो, पण भिजवलेल्या धानाच्या टाक्यांना वाफ सोडली की एकदम ओढ बसते. दोन-तीन टाक्या एकाच वेळी उघडल्या की प्रेशर धाडकन खाली येतं. फायरमन घाबरून फीडर फुल करतो, थंड भुशाचा थर जाळीवर पडतो, भट्टी गार होते आणि चिमणी काळी होते. पाच-दहा मिनिटांनी प्रेशर चढतं, तो फीडर बंद करतो, आता जाळी मोकळी आणि नुसती हवा. तुमचे १३ टक्के ऑक्सिजन आणि २८०० सीओ यातूनसुद्धा येऊ शकतात: अर्धा वेळ जळण जास्त, अर्धा वेळ हवा जास्त, आणि मशीनवर दिसते ती सरासरी. हे पडताळायचं तर एका सकाळी ॲनालायझर धरून दर मिनिटाला आकडे लिहा आणि शेजारच्या रकान्यात कोणती टाकी कधी उघडली ते लिहा. दोन रकाने एकमेकांना जुळले तर उपाय मिलच्या वेळापत्रकात आहे. टाक्या पंधरा-वीस मिनिटांच्या अंतराने उघडा, व्हॉल्व्ह हळू फिरवा, फीडरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) लावून तो बंद-चालू करण्याऐवजी कमी-जास्त करा. हे टाकीवरच्या माणसाला समजावणं बॉयलरच्या माणसाला समजावण्यापेक्षा अवघड असतं, कारण धूर त्याच्या खात्यात धरलाच जात नाही.

सुरुवात करतानाचा धूर वेगळा. रात्री भट्टी दाबून ठेवता आणि पहाटे गार भट्टीवर ओला भुसा टाकता, तेव्हा तो येणारच. पहाटेसाठीचा कोरडा भुसा रात्रभर ताडपत्रीखाली वेगळा ठेवा, पहिला अर्धा तास फक्त तोच वापरा आणि भट्टी लाल होईपर्यंत फीड कमी ठेवा.

मशीनचं आता. तुमच्या बॉयलरला माझ्या मते दोन वस्तू पुरतात. पहिली, बॉयलरच्या तोंडाशी कायम बसवलेला झिरकोनिया ऑक्सिजन प्रोब आणि त्याचा मोठ्या अक्षरांचा डिस्प्ले फायरमनच्या समोर. ऑफिसात नाही. या प्रोबचा सेल (वायू ओळखणारा सेन्सर) सुमारे ७०० अंशांवर तापलेला असतो आणि तो धूर ओलाव्यासकट मोजतो, त्यामुळे हातातल्या मशीनपेक्षा आकडा थोडा कमी येतो. कोरड्या धुरात ८ असेल तर इथे ७ च्या आसपास दिसेल. सर्व्हिसवाल्याशी भांडू नका. राखेच्या माऱ्यासाठी त्याला संरक्षक नळी हवी आणि ती प्रवाहाकडे पाठ करून बसवलेली हवी. अधूनमधून कॉम्प्रेस्ड हवेने साफ करायची सोय करून घ्या. दुसरी वस्तू, हातात धरायचा ॲनालायझर: ऑक्सिजन, सीओ, तापमान आणि ड्राफ्ट, म्हणजे ओढ, मोजणारा. तो एकट्याने विकत घेण्याऐवजी तीन-चार मिलवाल्यांनी मिळून घेतला तरी चालतो.

घेताना सीओची रेंज विचारा. २००० पर्यंतच मोजणारा तुमच्याकडे पहिल्याच दिवशी अडकेल, आणि रेंजबाहेरच्या सीओमध्ये सेल लवकर मरतो. सीओचा सेल हायड्रोजनची भरपाई करणारा हवा, कारण अर्धवट जळणात हायड्रोजनही निघतो आणि साधा सेल तो सीओ म्हणून मोजतो. आणि मेनूमध्ये इंधन कोणतं निवडलंय ते बघा, यात फार लोक फसतात. बहुतेक हँडहेल्ड मशीन कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत, ऑक्सिजनवरून हिशेबाने काढतात. मेनू डिझेलवर राहिला असेल तर १३ टक्के ऑक्सिजनला ते ५.९ टक्के दाखवेल. भुशाला खरा आकडा पावणेआठच्या जवळ. मग कार्यक्षमता चुकते, बारा टक्क्यांची दुरुस्तीही चुकते. भुसा हा पर्याय नसेल तर लाकूड किंवा बायोमास निवडा, किंवा कमाल कार्बन डायऑक्साइड २० टक्क्यांच्या आसपास स्वतः भरा.

वापरतानाच्या सवयी मशीनपेक्षा महत्त्वाच्या. चालू करताना ते स्वतःला शून्य करतं, ते बॉयलर हाऊसच्या बाहेर मोकळ्या हवेत होऊ द्या. आत थोडा सीओ असला तर तोच शून्य धरला जातो. प्रोबचं टोक बोटाने बंद करून बघा, पंपाचा आवाज बदलला पाहिजे. नाही बदलला तर नळीत गळती आहे. पाण्याचा ट्रॅप रिकामा करा, फिल्टर काळा झाला की बदला. दर मोजणीनंतर ऑक्सिजन २०.९ आणि सीओ शून्यावर येईपर्यंत मोकळी हवा ओढू द्या. सीओ रेंजच्या जवळ जायला लागला की प्रोब बाहेर काढा. वर्षातून एकदा तरी प्रमाणित गॅसवर कॅलिब्रेशन करून सर्टिफिकेट ठेवा. आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. बऱ्याच मशीनना भोवतालचं तापमान ४५ अंशांपर्यंतच चालतं, मे महिन्यात बॉयलरच्या छतावर ते सहज ओलांडतं. मोजणी सकाळी करा, मशीन सावलीत ठेवा.

ऑनलाइन मशीन, म्हणजे चोवीस तास मोजून बोर्डाच्या सर्व्हरला आकडे पाठवणारी यंत्रणा, कोणाला लागते? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१४ मध्ये ज्यांना निर्देश दिले त्या १७ जास्त प्रदूषणकारी प्रकारांना: औष्णिक वीज, सिमेंट, साखर, लोह-पोलाद, कागद वगैरे. तुमच्याच जिल्ह्यातल्या तिरोड्याच्या वीज केंद्राला लागते, चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यांना लागते. राइस मिल त्या यादीत नाही. तुमच्या कन्सेंटमध्ये किंवा बोर्डाच्या पत्रात तशी अट लिहिलेली असेल तर मात्र पर्याय नाही. अट नसताना हौसेने बसवू नका. तिला वातानुकूलित खोली, अखंड वीज, कॅलिब्रेशन गॅस आणि ते समजणारा माणूस लागतो; आपल्याकडे दिवसातून दोनदा लाईन जाते, आणि बंद पडलेल्या मशीनचा खुलासा देणं हे न बसवण्यापेक्षा जास्त त्रासाचं.

सल्फर डायऑक्साइडची काळजी फक्त भुशावर चालत असाल तर नको, भुशात गंधक नगण्य असतं. पावसाळ्यात भुसा ओला म्हणून कोळसा मिसळत असाल तर गोष्ट बदलते. ताशी ५०० किलो कोळसा आणि त्यात अर्धा टक्का गंधक धरलं तर अडीच किलो गंधक, म्हणजे ५ किलो सल्फर डायऑक्साइड ताशी. चिमणीच्या उंचीचं सूत्र १४ गुणिले त्या ५ चा ०.३ घात, उत्तर सुमारे २२.७ मीटर. तुमची चिमणी त्यापेक्षा बुटकी असेल तर कोळसा टाकण्याआधी विचार करा, शिवाय कन्सेंटमध्ये इंधन म्हणून फक्त भुसा लिहिला असेल तर कोळसा टाकणंच उल्लंघन ठरतं. साध्या हँडहेल्डवर सल्फर डायऑक्साइड मोजत असाल तर एक माहीत असू द्या: तो नळीतल्या पाण्यात विरघळतो आणि आकडा कमी दिसतो. पीपीएमला मिलिग्रॅम करताना आपल्याकडे २५ अंश धरून २.६२ ने गुणायचं, सीओला १.१४५ ने. परदेशी मशीन शून्य अंश धरतात, त्यांचा गुणक मोठा असतो, ते सेटिंग तपासा.

जिवाची एक गोष्ट. २८०० पीपीएम सीओ चिमणीतून वर जातोय तोवर ठीक. आयडी फॅन ट्रिप झाला आणि भट्टी पेटलेली असली की तोच वायू बॉयलर हाऊसमध्ये पसरतो, आणि त्याला वास नसतो. आठ तासांच्या सरासरीला ५० पीपीएम ही माणसासाठी धरली जाणारी मर्यादा आहे. फायरमनच्या खिशाला लावायचा छोटा सीओ अलार्म आजच घ्या, ॲनालायझर नंतर घेतला तरी चालेल. लाईन गेली की फीडर आपोआप बंद होतो ना, हे इंटरलॉकही एकदा प्रत्यक्ष लाईन पाडून बघा.

पुढचं सांगायला मला हे लागेल: बॉयलरच्या तोंडाशी आणि चिमणीवर, एकाच वेळी घेतलेले ऑक्सिजन, सीओ आणि तापमान, त्या वेळचं वाफेचं प्रेशर आणि आयडी डॅम्परची जागा, सायक्लोनखालच्या राखेचा उजेडात काढलेला फोटो, आणि कन्सेंटचं ते पान जिथे चिमणीची अट लिहिली आहे. मिलचं नाव-पत्ता झाकून टाका. एअरलॉकची पाती उघडून बघितलीत तर तिचाही फोटो टाका, मला वाटतं सुरुवात तिथूनच करावी लागेल.